हरणाची शिकार जमिनीवरून, फांद्यांच्या आडोशाने – कोणी केली आहे का? (मिशिगन)

नोव्हीकर:
मंडळी, हंटर सेफ्टीचा कोर्स झाला, लायसन्स काढतोय. १५ नोव्हेंबरला रायफलचा सीझन उघडतो तेव्हा ऑफिसमधला मित्र ग्रेलिंगजवळच्या सरकारी जंगलात नेणार आहे. तो झाडावर ट्री स्टँड बांधून बसतो. मला शिडीवर चार पायऱ्या चढलं तरी घाम फुटतो. तंबूसारखा पॉप-अप ब्लाइंड घ्यायचा विचार होता, पण घरातून व्हेटो आला आहे. पडलेल्या झाडामागे, फांद्या रचून बसलं तर जमतं का? आडोसा केवढा उंच करायचा? की पहिल्याच दिवशी सगळी हरणं मला बघून हसत जातील?

तात्या_उत्तरेचे:
जमतं. मी आजवर झाडावर चढलेलो नाही आणि फ्रीजर रिकामाही राहिलेला नाही.

आधी बांधकाम डोक्यातून काढा. नवीन माणूस गेला की किल्ला उभारतो. हरीण त्याच जंगलात जन्मलेलं असतं. काल नव्हता तो ढिगारा आज दिसला की लांबूनच वळसा घालतं. शिवाय सरकारी जमिनीवर असा आडोसा करायचा तर तिथेच पडलेलं, मेलेलं लाकूड वापरायचं. हिरवी फांदी तोडायची नाही, खिळा ठोकायचा नाही. डीएनआरचं (राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं) यंदाचं नियमपुस्तक वाचूनच जा, बारीकसारीक गोष्टी बदलत असतात.

जागा वारा ठरवतो, तुम्ही नाही. हरणांची पायवाट शोधा: लेंड्या, खुरांचे ठसे, नराने शिंगं घासून साल काढलेली कोवळी झाडं. ओकची फळं पडली असतील आणि पलीकडे सीडरची दलदल असेल, तर त्या दोघांमधली वाट पक्की. वारा वाटेकडून तुमच्याकडे यायला हवा, निदान आडवा तरी. पाठीमागून वाटेकडे जात असेल तर उठा आणि दुसरी जागा धरा, कितीही सुंदर ओंडका असला तरी. वारा बघायला पावडरच्या बाटल्या विकत मिळतात. मी मिल्कवीडच्या (रुईसारखं झुडूप) बोंडातल्या तरंगणाऱ्या म्हाताऱ्या खिशात ठेवतो. एक सोडली की हवा पुढे जाऊन कुठे वळते तेही दिसतं. उतार असेल तर ऊन चढल्यावर हवा वर सरकते, संध्याकाळी खाली उतरते. म्हणून सकाळची जागा संध्याकाळी चालेलच असं नाही.

आता आडोसा. लोक पुढची भिंत रचत बसतात. खरी महत्त्वाची पाठ. खांद्यांपेक्षा रुंद बुंधा किंवा मुळांसकट उलथलेला पाइन पाठीशी घ्या, म्हणजे माणसाची आकृती मागच्या काळोखात मिसळते. पुढे बसल्या छातीइतकं पुरे, आणि तेही विरळ. मला फक्त हात हलवण्यापुरती आड लागते. बुडाखालची वाळकी पानं पहाटेच बाजूला करा, नाहीतर कुल्ला बदलला तरी कुरकुर होते. शक्यतो ऊन पाठीमागे राहू द्या, समोरून आलं की चेहरा चमकतो. चेहऱ्यावर जाळी, हातात मोजे.

हंटर ऑरेंज कायद्याने घालावंच लागतं, त्याची चिंता नको. हरणाला नारिंगी आपल्यासारखा दिसत नाही. निळा मात्र चांगला दिसतो, तेव्हा जीन्स घरी. कपडे उजळवणाऱ्या डिटर्जंटनेही धुऊ नका.

आणि हे नीट वाचा. झाडावरच्या माणसाची गोळी खाली मातीत जाते. तुमची आडवी जाणार. हरणामागे टेकाड किंवा चढ नसेल तर ट्रिगरला बोट लावायचं नाही, समोर कितीही मोठ्या शिंगांचा नर असो. तसंच फांद्यांमागे तुमचं जॅकेट झाकलं जातं, म्हणून डोक्यावरच्या झाडाला चहूबाजूंनी दिसेल असं नारिंगी कापड बांधा. त्या दिवशी जंगलात तुम्ही एकटे नसता.

कँटनची_सई:
नोव्हीकर, एच-१बी वर असाल तर एक गोष्ट. नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. कुठल्याही राज्याचं चालू हंटिंग लायसन्स हा त्यातला एक अपवाद. म्हणजे लायसन्स हातात येईपर्यंत मित्राची रायफलसुद्धा हातात घेऊ नका. नवऱ्याने आधी हे विचारून घेतलं, मगच रेंजवर गेला.
जमिनीवर बसणार म्हणून गोचिड्याही बघा. थंडी पडली की संपतात असं वाटतं, पण काळ्या पायांच्या मोठ्या गोचिड्या नोव्हेंबरातही असतात. पँट मोज्यात खोचा, घरी आल्यावर अंग तपासा.

पुणेरी_पाहुणा:
एवढं वाऱ्याचं गणित करण्यापेक्षा समोर मका टाकून बसलं तर?

तात्या_उत्तरेचे:
पाहुणे, लोअर पेनिन्सुलात, म्हणजे मिशिगनच्या खालच्या भागात (ग्रेलिंग त्यातच येतं), आमिषावर २०१९ मध्ये बंदी आली. २०१५ मध्ये इथल्या मोकळ्या रानातल्या हरणात सीडब्ल्यूडी हा हरणांचा मेंदू खाणारा जीवघेणा रोग सापडला. एका ढिगावर दहा तोंडं आली की असा रोग पसरायला वेळ लागत नाही. मका भाजून खा.

सई, बरं केलंस व्हिसाचं लिहिलंस. माझ्या डोक्यात आलं नसतं.

नोव्हीकर:
तात्या, खूप आभार. ग्रीन कार्ड आहे, ते टेन्शन नाही. दोन शंका. पहाटे बसून अकराला जेवायला उठलं तर चालेल? आणि आडोसा आदल्या आठवड्यात करून ठेवू का?

तात्या_उत्तरेचे:
उठू नका. नोव्हेंबरचा मध्य म्हणजे माजाचा काळ, नर भर दुपारीही मादीच्या मागे फिरतो. त्यात बाकीचे शिकारी जेवायला गाडीकडे निघाले की हरणं उठतात. डबा तिथेच खा. पोळीभाजी चालेल, फॉइल नको, आवाज होतो.

आडोसा आधी करायला हरकत नाही, हरणांना सवय होते. पण सरकारी जंगलात तुम्ही रचला म्हणून जागा तुमची होत नाही. पहाटे तिथे दुसरा बसलेला दिसला तर राम राम करून पुढे चला. म्हणून मी दोन-तीन ओंडके हेरून ठेवतो, वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी.

हरीण मिळालंच तर लायसन्सबरोबरचा टॅग त्याला लगेच लावा, पोट तिथेच साफ करा आणि ७२ तासांत ऑनलाइन नोंद करा, २०२२ पासून सक्तीची आहे. मागच्या मांडीचं सुकं उत्तम होतं. चरबी मात्र सगळी काढून टाका, टाळूला मेणासारखी चिकटते.