मदत हवी आहे: जुन्या नकाशावर समुद्राचं नाव चुकलंय का? (तातडीचं)

पाटीपेन्सिल (बुधवार, रात्री १०:४०)
जाणकारांनो, जरा लवकर सांगा. शनिवारी शाळेत प्रदर्शन आहे, पाट्या शुक्रवारी दुपारी छापायला जाणार. नकाशावर भर समुद्रात 'एथिओपिकस' लिहिलंय. इथिओपिया तर पलीकडच्या बाजूला! शिवाय त्या देशाला समुद्रच नाही. आमच्या मुख्याध्यापकांचं म्हणणं, नकाशा बनावट आहे, काढून टाका. दुसऱ्यावर 'मार डेल झुर' आहे. त्याचा अर्थ गूगलने 'दक्षिणेचा समुद्र' सांगितला, पण तो तर पश्चिमेला दिसतोय. मराठीत काय लिहू? फक्त नावं हवीत, इतिहास नको.

दर्यावर्दी (रात्री १०:५२)
तो लाल समुद्र. ग्रीक लोक त्याला 'एरिथ्रियन' म्हणत, आणि त्या नावाखाली आपला अरबी समुद्र नि हिंदी महासागरही येत. पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक सागरी मार्गदर्शिकेत आपली बंदरं आहेत: सुप्पारा म्हणजे सोपारा, कल्लिएना म्हणजे कल्याण. बिनधास्त 'लाल समुद्र' लिहा.

लंबक (रात्री ११:०५)
दर्यावर्दी, थांबा. 'एरिथ्रोस' म्हणजे लाल. 'एथिओप्स' म्हणजे उन्हाने रापलेल्या चेहऱ्याचा. दोन वेगळे शब्द, दोन वेगळे समुद्र.
पाटीपेन्सिल, नाव नेमकं कुठे आहे? आफ्रिकेच्या डावीकडे की उजवीकडे? नकाशा कुणाचा, साल कोणतं?

दर्यावर्दी (रात्री ११:०९)
तीस वर्षं जहाजावर काढलीत. सुएझमधून किती वेळा गेलो त्याची मोजदाद नाही. लाल समुद्र मला शिकवू नका.

लंबक (रात्री ११:११)
सुएझमधून गेल्याने ग्रीक येत नाही. हलके घ्या.

चौकटराजा (रात्री ११:३०)
जुना नकाशा असेल तर काच थेट कागदाला टेकू देऊ नका. मध्ये माउंट, म्हणजे पुठ्ठ्याची कडा ठेवा, नाहीतर पावसाळ्यात कागद काचेला चिकटतो, बुरशी धरते. मागे साधा पुठ्ठा नको, आम्लविरहित मागा. सेलोटेप तर अजिबात नको. आमच्या आजोबांच्या सातबाऱ्याची त्यानेच वाट लागली.

मस्कतकर (रात्री ११:४८)
नकाशा उलटा तर टांगला नाही ना? अरब भूगोलकार इद्रिसीच्या ११५४ च्या नकाशात दक्षिण वर आहे. मीही एकदा फसलोय.
अवांतर: अरबांनी आपल्या बाजूच्या समुद्राला 'लारवी' म्हटलंय. दहाव्या शतकाच्या सुरुवातीला अरब प्रवासी मसूदी सैमूरला, म्हणजे चौलला येऊन गेला. ही नावं प्रदर्शनात घ्या ना, मुलांना जवळची वाटतील.

रत्नाकर (गुरुवार, सकाळी ७:१५)
परक्यांची नावं हवीतच कशाला? नाशिकच्या तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. त्यात तिच्या मुलाला, सातवाहन राजा गौतमीपुत्राला 'तिसमुदतोयपीतवाहन' म्हटलंय, ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यालं तो. पाटीवर हे लिहा.

लंबक (सकाळी ७:४०)
सुंदर विशेषण आहे. पण त्यात तिन्ही समुद्रांपैकी एकाचंही नाव नाही. बाईंना नाव हवंय.

रत्नाकर (सकाळी ७:४४)
नाव नसलं म्हणून समुद्र नसतो का?

पाटीपेन्सिल (सकाळी ८:०२)
मी बाई आहे हे कसं ओळखलं? बरं, ते राहू द्या. नकाशा सरळच टांगलाय. नाव आफ्रिकेच्या डावीकडे, ब्राझीलच्या उजवीकडे. आणि चौकटराजा, हे प्रिंटआउट आहेत! एका ग्रंथालयाच्या साइटवरून उतरवून घेतलेत. बुरशी धरायला अजून वेळ आहे.

लंबक (सकाळी ८:१०)
म्हणजे बनावट की अस्सल हा प्रश्नच निकालात. हे कालच सांगितलं असतंत तर! कोपऱ्यातल्या नक्षीदार चौकटीत काय लिहिलंय? मोठ्या अक्षरात शीर्षक असतं.

पाटीपेन्सिल (सकाळी ८:५५)
तो भाग प्रिंट काढताना कापला होता, नक्षीत शाई फार जाते. आता फाइल उघडून बघितलं. पहिल्यावर 'मार दि एथिओपिया व्हुल्गो ओशियानस एथिओपिकस', दुसऱ्यावर 'मार डेल झुर हिस्पानिस मारे पॅसिफिकम'. साइटवर नकाशाकार यान यान्सोन, १६५० असं आहे. उपयोग आहे का याचा?

लंबक (सकाळी ९:२०)
उपयोग? अहो, उत्तर तुम्ही कात्रीने कापून टाकलं होतंत!

'व्हुल्गो' म्हणजे लोकांच्या तोंडी. म्हणजे 'इथिओपियाचा समुद्र, ज्याला सगळे ओशियानस एथिओपिकस म्हणतात'. आजचा दक्षिण अटलांटिक. तेव्हा एथिओपिया हे एका देशाचं नाव नव्हतं. इजिप्तच्या दक्षिणेला जी काळ्या माणसांची भूमी, ती सगळी ग्रीकांच्या लेखी एथिओपिया. नकाशेवाल्यांनी तोच शब्द पश्चिम किनाऱ्यापर्यंत ताणला, म्हणून त्या किनाऱ्यासमोरचा समुद्रही एथिओपिक. आजच्या इथिओपियाला युरोपीय नकाशे ॲबिसिनिया म्हणत. एथिओपिक हे नाव १९व्या शतकातही छापलं जात होतं.

दुसऱ्या शीर्षकात 'हिस्पानिस' म्हणजे स्पॅनिश लोकांच्या भाषेत. 'स्पॅनिश लोकांचा मार डेल झुर, म्हणजेच प्रशांत महासागर'. तो दक्षिणेचा कसा, तर १५१३ मध्ये बाल्बोआ हा स्पॅनिश मोहिमेचा म्होरक्या पनामाची चिंचोळी पट्टी ओलांडून गेला. ती पट्टी तिथे पूर्व-पश्चिम आडवी पडली आहे. उत्तरेकडचा समुद्र सोडून तो निघाला आणि दक्षिणेला दुसरा समुद्र दिसला. त्याच्या पायाखालची दिशा पुढे सगळ्या महासागराला चिकटली. सोडून आला तो 'मार डेल नॉर्ट', उत्तरेचा समुद्र, म्हणजे आजचा उत्तर अटलांटिक. 'पॅसिफिको' हे नाव मॅगेलनचं, १५२० मधलं, त्याला पाणी शांत लागलं म्हणून.

कोकणकन्या (सकाळी ९:४५)
ॲबिसिनियावरून आठवलं. अरबी 'हबश' तोच. तिथून हबशी आले, आणि जुन्या मराठी कागदांत जंजिऱ्याच्या सिद्दीचा मुलूख 'हबसाण' झाला. आफ्रिकेतल्या देशाचं नाव घेऊन आमचा मुरुड-श्रीवर्धनचा टापू बसलाय आणि आपण समुद्राच्या नावाला हसतोय.

रत्नाकर (सकाळी ९:५०)
हे मात्र पटलं.

दर्यावर्दी (सकाळी १०:३०)
ब्राझील आणि आफ्रिकेच्या मधला समुद्र, हे आधी सांगितलं असतं तर मीही दक्षिण अटलांटिकच म्हटलं असतं. पण हद्द कुठली? आमच्याकडे प्रत्येक समुद्राची हद्द अंशांत लिहिलेली असते.

लंबक (सकाळी १०:४१)
ती यादी १९२८ ची, मोनॅकोच्या जलमापन संस्थेची. यान्सोनच्या काळात हद्द कुठली? अक्षरं जिथे मावली तिथे समुद्र.

पाटीपेन्सिल (दुपारी १:१५)
खूप आभार. अशा पाट्या करते:
'ओशियानस एथिओपिकस: दक्षिण अटलांटिकचं जुनं नाव. तेव्हा एथिओपिया म्हणजे इजिप्तच्या दक्षिणेची आफ्रिका.'
'मार डेल झुर: प्रशांत महासागर. स्पॅनिशमध्ये दक्षिणेचा समुद्र.'
चालेल?

खवचट (दुपारी १:२०)
'एथिओपिया' की 'इथिओपिया'? पाठ्यपुस्तकात 'इ' आहे. मुलं विचारतील.

लंबक (दुपारी १:३२)
नकाशावरच्या नावाला 'ए', देशाला 'इ'. वेगळेपणाही राहील.

चौकटराजा (दुपारी २:०५)
प्रिंटआउट असली तरी सेलोटेप नकोच.

पाटीपेन्सिल (सायंकाळी ६:५०)
दुहेरी चिकटपट्टी आणली आहे, रागावू नका. नक्षीची चौकट पुन्हा छापून जोडली. मुख्याध्यापक आत्ताच बघून गेले. म्हणाले, बरं आहे, मग अटलांटिक गेला कुठे?

लंबक (सायंकाळी ७:०४)
त्यांना यान्सोनच्याच संचातला 'मार डेल नॉर्ट' दाखवा. शीर्षक न कापता.