डीव्हीआरची डिस्क टकटक करतेय, आतलं रेकॉर्डिंग हवंय – मदत हवी आहे

मंडळी, घाईत लिहितोय, सांभाळून घ्या.

गावी, सावंतवाडीजवळ, आईबाबांच्या घराला चार कॅमेरे आहेत. चार चॅनलचा डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग साठवणारा डबा), आत १ टीबीची डिस्क, बसवून पाच वर्षं झाली. शनिवारी रात्री विहिरीवरच्या पंपाची केबल कुणीतरी कापून नेली. त्याच रात्री वीज दोनदा गेली-आली. रविवारी सकाळी बाबांचा फोन, "तो डबो नुसतो ओरडता!" तसाच निघालो. बझर वाजत होता. लाइव्ह चारही कॅमेरे दिसतात, पण प्लेबॅक रिकामा आणि मेन्यूत डिस्कच नाही. कान लावला तर टक... टक... टक, मग गप्प, मग परत तेच.

ज्याने बसवलं तो फोनवर म्हणतो, "डिस्क दिसली की फॉरमॅट मारा, होईल चालू." चालू होईल हो, पण शनिवारची रात्र जाईल त्याचं काय?

लॅपटॉपच्या डिस्कला लावतात ती यूएसबी केबल लावून पाहिली, डिस्क फिरतच नाही. मेली का ही? रेकॉर्डिंग निघेल का? आणि नवी घ्यायची तर कॉम्प्युटरची साधी चालेल का? दुकानदार तीच गळ्यात मारतोय.

खटपट्या:
आधी ती सारखी चालू-बंद करणं थांबवा. तुमची केबल फक्त ५ व्होल्ट देते. साडेतीन इंची डिस्कच्या मोटरला १२ व्होल्ट लागतात, म्हणून फिरली नाही. एवढ्यावरून ती मेली असं म्हणता येत नाही.

माझा संशय अडॅप्टरवर. बहुतेक १२ व्होल्ट २ अँपिअरचा असेल. डिस्क फिरायला लागताना क्षणभर एकटीच दीड-दोन अँपिअर ओढू शकते. पाच वर्षांत अडॅप्टरमधले कपॅसिटर सुकतात, लोड आला की व्होल्टेज बसतं, डिस्क उठते नि पडते. लाइव्हला एवढा करंट लागत नाही, म्हणून ते चालतं. मल्टिमीटर बिनलोडचा १२ दाखवेल, त्यावर जाऊ नका. दुसरा लावून बघा. राउटरचा नको, तो बऱ्याचदा १ अँपिअरचाच असतो.

सुरंगी:
पीसीला लावलीत तर विंडोज 'इनिशियलाइज करू का' (म्हणजे डिस्क नव्याने मांडू का) विचारेल. नाहीच म्हणा! बऱ्याच डीव्हीआरची लिहायची पद्धत त्यांची स्वतःची असते, विंडोजला ती वाचता येत नाही. डिस्क कोरी आहे असा त्याचा अर्थ नव्हे. आणि डीव्हीआरमध्ये दिसायला लागली तर आधी रेकॉर्डिंग बंद करा, मग कॉपी. आजारी डिस्कला आणखी लिहायला लावू नका.

साधी डिस्क घेऊ नका, ती चोवीस तास लिहिण्यासाठी नसते. वेस्टर्न डिजिटल पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक बघा. घेतल्यावर किती तास चालली आहे तेही तपासा, नवं लेबल लावलेल्या जुन्या डिस्क विकणारे महाभाग आहेत.

धागाकर्ता:
खटपट्या, पाय कुठे आहेत तुमचे! कुडाळहून १२ व्होल्ट ३ अँपिअरचा आणला, मधली पिन प्लस आहे ना ते पाहून लावला. टकटक बंद, डिस्क दिसली. शनिवार रात्री अकरा ते तीन पेनड्राइव्हवर घेतलं. एक वीसला दोघं दिसतात, एकाच्या खांद्यावर भेंडोळं. तोंडं बांधलेली, पण बाइक ओळखू येते.

मग डिस्क पीसीला जोडून क्रिस्टलडिस्कइन्फो या डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये पाहिली (विंडोजला 'नाही' म्हटलं). पिवळं 'कॉशन', पेंडिंग सेक्टर (वाचताना अडणारे, बिघडल्याचा संशय असलेले तुकडे) २४, तास ४३ हजारांवर. म्हणजे तीही आता पिकलं पानच. २ टीबीची मागवतोय. किती दिवस पुरेल?

जुना वायरमन:
कॅमेऱ्यामागे सेकंदाला २ मेगाबिट ठेवलंत तर दिवसाला साधारण २१-२२ जीबी, चार मिळून ८६. तीन आठवडे धरा.

जुनी डिस्क फेकू नका, फॉरमॅटही नको. पोलिसांत द्यायच्या कॉपीसोबत भारतीय साक्ष अधिनियम २०२३ च्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं (पूर्वीचं ६५-ब), मूळ डिस्कही मागू शकतात. डीव्हीआरचं घड्याळ पुढे-मागे असेल तर तेही लिहून द्या.

धागाकर्ता:
पाहिलं. सात मिनिटं मागे आहे.