प्रति: पहिल्यांदाच टोमॅटोचे जुने सरळ (संकरित नसलेले) वाण लावताय, कोणते निवडावेत?

तुम्ही विचारलंय की चारही रोपं ब्रँडीवाइनचीच लावू का. माझं मत, नको. चव अप्रतिम आहे, त्यात वादच नाही, पण रोप लावल्यापासून पहिलं फळ पिकायला ८० ते १०० दिवस लागतात आणि फळं मोजकीच येतात. दिवसाचं तापमान ३२ अंशांच्या वर टिकलं की टोमॅटोची फुलं गळू लागतात. उन्हाळा लवकर तापत असेल, तर एवढा उशिरा येणारा वाण हातचा जाऊ शकतो.

एक ब्रँडीवाइन, एक चेरोकी पर्पल, एक ब्लॅक चेरी आणि रस्सा किंवा सॉससाठी एक सान मार्झानो, असं करून बघा. सान मार्झानोला पाणी कमीजास्त झालं की फळाचं बूड काळं पडून सडतं, तेव्हा पाणी नियमित द्या आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचं आच्छादन घाला. चेरोकी पर्पल देठापाशी हिरवटच राहतो. पूर्ण लाल व्हायची वाट बघू नका, बोटाने हलकेच दाबून मऊ लागला की तोडा. मी पहिल्या वर्षी थांबत राहिले आणि चांगली फळं वेलीवरच फुटली, अजून हळहळ वाटते.

बी धरायचं असेल तर सुरुवातीची मोठी, जोडफुलं (दोन-तीन फुलं एकत्र जुळून आलेली) सोडून द्या. त्यांत परपरागीकरणाची, म्हणजे दुसऱ्या वाणाचे पराग मिसळण्याची, शक्यता जास्त असते. बाकी चारही वाण उंच वाढणारे आहेत, पाच-सहा फुटी काठ्या लागवडीच्या दिवशीच रोवा.