बायोगॅस ओला आहे म्हणून ओरिफिस पहाटे जास्त दाखवतो का? मल्टिफेज मीटर घ्यावा का?

मीटररूम_कागल

नमस्कार. कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका डिस्टिलरीत इन्स्ट्रुमेंटला आहे. स्पेंटवॉशच्या (डिस्टिलरीच्या सांडपाण्याच्या) डायजेस्टरमधला बायोगॅस बॉयलरला जातो. लाइन २५० मिमी, पाइप ब्रिजवरून साधारण दोनशे मीटर. मध्ये आडव्या पाइपात ओरिफिस प्लेट (मध्ये भोक असलेली चकती), तिच्या दोन बाजूंच्या दाबातला फरक, म्हणजे डीपी, ५० मिमी पाण्याच्या आसपास; त्यावरून फ्लो निघतो. ट्रान्समीटर ब्रिजच्या खाली, उभं राहून वाचता येईल अशा उंचीवर आहे.

दिवसा ताशी १,००० घनमीटर दिसतात. थंडी पडल्यापासून मध्यरात्रीनंतर आकडा चढत जातो, पहाटे १,१०० ते १,१५० होतो आणि सारखा हलतो. डायजेस्टरचं फीड तेवढंच, वाफ तेवढीच, बगॅसही कमी लागत नाही, म्हणजे गॅस खरा वाढलेला नाही. सकाळी आठला टेक्निशियन इम्पल्स लाइन (प्लेटजवळचा दाब ट्रान्समीटरपर्यंत नेणाऱ्या बारीक नळ्या) ड्रेन करतो, तोवर ऊनही येतं आणि रीडिंग उतरतं. ट्रान्समीटर कॅलिब्रेट करून झाला, त्यात खोट नाही.

गॅसमध्ये पाण्याचे थेंब असणार म्हणून व्हेंडरने मल्टिफेज मीटर (गॅस आणि द्रव एकत्र वाहताना दोन्ही मोजणारा) सुचवलाय. किंमत मोठी आहे, मंजुरी मागण्याआधी खात्री हवी. की पीएलसीत (कंट्रोल कॉम्प्युटरमध्ये) मर्डॉकचं करेक्शन, म्हणजे ओल्या गॅसवर ओरिफिसचं जादा रीडिंग दुरुस्त करायचं सूत्र, टाकून भागेल?

दुसरं, डायजेस्टरच्या रीसायकल लाइनवरचा मॅग मीटर (चुंबकीय क्षेत्राने द्रवाचा वेग मोजणारा) पंपाच्या कर्व्हपेक्षा नेहमी जास्त दाखवतो. तोही गॅसमुळेच का?

शिरोलीकर

भावा, ओरिफिस काढ आणि व्होर्टेक्स मीटर (प्रवाहातले भोवरे मोजणारा) बसव. आमच्या फाउंड्रीत कॉम्प्रेस्ड एअरवर आहे, बघावं लागत नाही. नाहीतर थर्मल मास (गॅस तापलेल्या सेन्सरला किती थंड करतो त्यावरून मोजणारा) घे, इम्पल्स लाइनची कटकटच नको.

राजारामपुरी_जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

माझी बरीचशी नोकरी मुंबई हायच्या प्लॅटफॉर्मवर झाली. एकाच पाइपातून तेल, पाणी, गॅस एकत्र येणं हा तिथला रोजचा विषय. म्हणून सविस्तर लिहितो.

मीटर घेऊ नका. आधी हिशेब करा.

गॅस डायजेस्टरमधून ३८ अंशांना निघतो असं धरू. त्या तापमानाला घनमीटरमागे सुमारे ४६ ग्रॅम वाफ मावते, २० अंशांना फक्त १७. उरलेले २९ ग्रॅम पाणी होऊन बाहेर पडणारच. एक घनमीटर बायोगॅसचं वजन १.१ किलोच्या आसपास, म्हणजे द्रव आणि वायूचं वस्तुमान गुणोत्तर ०.०२६. मर्डॉकच्या सूत्रात याला घनतांच्या गुणोत्तराच्या वर्गमुळाने गुणायचं असतं. १.१ भागिले १,००० याचं वर्गमूळ ०.०३३. गुणाकार आला ०.०००९. त्याला १.२६ ने गुणा. जास्तीचं रीडिंग किती आलं? एक दशांश टक्का. तुमचा फरक दहा ते पंधरा टक्के आहे. थेंब गॅससोबत वाहत जाऊन एवढा फरक पडणं शक्यच नाही, त्यामुळे ते करेक्शन पीएलसीत टाकूनही आकडा जागचा हलणार नाही.

उलट नुसत्या थंडीने रीडिंग थोडं कमी यायला हवं. तेवढ्याच गॅसची घनता वाढली की डीपी कमी होतो. टेम्परेचर कॉम्पेन्सेशन नसेल तर पहाटे दोन-अडीच टक्के कमीच दिसेल. तुमचं चढतंय. म्हणून शंका गॅसवर नाही, साठलेल्या पाण्यावर घ्या.

ते २९ ग्रॅम ताशी १,००० घनमीटरला गुणा. तासाला २९ लिटर. दहा तासांच्या रात्रीत जवळजवळ तीनशे लिटर. तुमच्या पाइपात मीटरमागे ४९ लिटर मावतात, म्हणजे सहा मीटर पाइप काठोकाठ भरेल एवढं पाणी. ते जातं कुठे? गॅसचा वेग साडेपाच मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास आहे, त्यात पाणी उडत जात नाही, तळाने सरकतं. ब्रिजच्या दोन सपोर्टमध्ये पाइप थोडा जरी झोळला असेल तिथे थांबतं, आणि ओरिफिस प्लेट तर आडवा बांधच आहे. प्लेटच्या भोकाची खालची कड पाइपाच्या तळापासून पाचेक सेंटिमीटर वर असेल, तेवढी खोली भरेपर्यंत पाणी मागे तुंबतं. टॅपिंग (इम्पल्स लाइनसाठी पाइपाला पाडलेलं भोक) खाली असेल तर ते पाणी सरळ हाय साइडच्या, म्हणजे प्लेटच्या अलीकडच्या जास्त दाबाच्या, इम्पल्स लाइनमध्ये उतरतं; बाजूला असेल तर उसळून आत जातं.

तुमचा ट्रान्समीटर खाली आहे, हे मला सगळ्यात जास्त खटकलं. खाली ट्रान्समीटर ठेवायचा तो द्रवाला आणि स्टीमला. गॅसला तो पाइपाच्या वर हवा, टॅपिंग पाइपाच्या माथ्यावरून घ्यायचं आणि इम्पल्स लाइनचा उतार पाइपाकडे ठेवायचा, म्हणजे लाइनमध्ये बनलेलं पाणीही परत पाइपात जातं. तुमच्याकडे नेमकं उलट आहे. ५० मिमी डीपीवर हाय साइडला फक्त १० मिमी पाणी जास्त उभं राहिलं तरी ट्रान्समीटरला ६० दिसतात. सहा भागिले पाचाचं वर्गमूळ १.०९५, म्हणजे साडेनऊ टक्के जादा. १५ मिमी असेल तर चौदा टक्के. जुळतोय ना तुमचा आकडा?

कॅलिब्रेशनमध्ये हे दिसणार नाही. मॅनिफोल्ड (ट्रान्समीटरजवळचा व्हॉल्व्हचा संच) बंद करून दोन्ही बाजू इक्वलाइज केल्या तरी झीरो बरोबरच येईल, कारण पाणी मॅनिफोल्डच्या वर, लाइनमध्ये आहे.

ऊन आणि ड्रेनिंग दोन्ही आठलाच होतं, म्हणून कारण कोणतं ते कळत नाही. एकदा पहाटे चारला, अंधारात आणि थंडीतच, इम्पल्स लाइन ड्रेन करा. लगेच रीडिंग उतरलं तर दोष इम्पल्स लाइनचा. उतरलं पण हलणं राहिलं तर मुख्य पाइपात पाणी आहे आणि गॅस ते ढकलत ढकलत नेतोय.

हे करताना एक गोष्ट मनापासून सांगतो. स्पेंटवॉशच्या बायोगॅसमधला हायड्रोजन सल्फाइड टक्क्यांत मोजावा लागतो, आणि शंभर पीपीएमच्या पुढे नाकाला वास येणंच बंद होतं. वास नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. ड्रेन करताना दोघं असा, अंगावर डिटेक्टर लावा, वारा ज्या बाजूने येतो त्या बाजूला उभे राहा, म्हणजे गॅस तुमच्यापासून दूर जाईल. ड्रेनचं पाणी बंद खड्ड्यात सोडू नका.

शिरोलीकरांना: कॉम्प्रेस्ड एअर दाबाखाली असते, घन असते, तिथे व्होर्टेक्स चालतोच. या विरळ गॅसात साडेपाच मीटरचा वेग त्याच्या किमान मर्यादेच्या काठावर आहे, फीड कमी झालं की रीडिंग शून्य. आणि थर्मल मासच्या सेन्सरवर पाण्याचा एक थेंब पडला की तो सेन्सर थंड करतो, मीटरला वाटतं प्रचंड फ्लो आला. ओल्या बायोगॅसला तो नकोच.

केआयटी_नाही_पण_मेकॅनिकल

सर, शिकताना पाइपात गॅस आणि द्रव एकत्र कसे वाहतात ते दाखवणारा बेकरचा १९५४ चा नकाशा, तैतेल आणि डकलरचा १९७६ चा नकाशा असं सगळं होतं: स्तरित (द्रव तळाला), स्लग (द्रवाचे गोळे), वलयाकार (द्रव भिंतीला). मग मर्डॉकचं सूत्र आणि मल्टिफेज मीटर खरे लागतात कुठे?

राजारामपुरी_जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

चांगला प्रश्न. तेच सूत्र गॅसच्या विहिरीवर लावून बघा. दाब ५० बारच्या आसपास, गॅसची घनता घनमीटरला ४० किलो, कंडेन्सेटची (गॅसमधून द्रव झालेल्या हलक्या तेलाची) ८००, एक किलो गॅसमागे अर्धा किलो द्रव. घनतांच्या गुणोत्तराचं वर्गमूळ ०.२२, गुणाकार ०.११, जादा रीडिंग चौदा टक्के. दाब वाढला की गॅस घन होतो आणि द्रवाचा परिणाम खरोखर मोठा होतो. मर्डॉकने १९६२ मध्ये ओरिफिससाठी हे मांडलं. व्हेंच्युरीसाठी डी लीउ यांचं १९९७ चं सूत्र आहे, त्यात दाब आणि गॅसचा वेगही धरलाय. पण या दोन्हींना द्रव किती आहे ते आधी कुठून तरी माहीत असावं लागतं. खरी अडचण तीच.

म्हणून जुनी पद्धत टेस्ट सेपरेटरची: एक विहीर वळवून घ्यायची, भांड्यात गॅस आणि द्रव वेगळे होऊ द्यायचे, मग एकेकाला साध्या मीटरने मोजायचं. मला आजही ती सगळ्यात विश्वासाची वाटते. मल्टिफेज मीटर हे काम वाहत्या पाइपातच करतो. बऱ्याच मीटरांत व्हेंच्युरीवर गॅमाचा स्रोत असतो, सीझियम-१३७ असेल तर ६६२ केईव्हीचे किरण. द्रव ते जास्त अडवतो, गॅस कमी, त्यावरून मिश्रणाची घनता कळते. आपल्याकडे असा स्रोत ठेवायचा म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाची परवानगी आणि प्रशिक्षित माणूस हवा. डिस्टिलरीच्या एका गॅस लाइनसाठी हा पसारा कशाला?

मीटररूम_कागल

सर, पहाटे चारला ड्रेन केलं. दोघं होतो, डिटेक्टर होता. हाय साइडमधून पाणी आलं, लो साइडमधून अगदी थोडं. रीडिंग मिनिटभरात दिवसाच्या आकड्यावर आलं. हलणं कमी झालं, पण गेलं नाही. टॅपिंग बाजूला आहे.

राजारामपुरी_जुना_इन्स्ट्रुमेंटवाला

मग काम ठरलं. शटडाउनमध्ये टॅपिंग माथ्यावर घ्या, ट्रान्समीटर ब्रिजच्या वर न्या. वाचायला त्रास होईल, तर खाली वेगळा डिस्प्ले लावा, तो स्वस्त पडतो. प्लेटला तळाशी ड्रेन होल पाडून घ्या, पण गाळाने ते बुजतं, म्हणून प्लेटच्या अलीकडे ड्रिप पॉटही (पाणी गोळा करून बाहेर काढणारं भांडं) बसवा. पॉटच्या वॉटर सीलची (गॅस बाहेर निसटू न देणाऱ्या पाण्याची) उंची गॅसच्या जास्तीत जास्त दाबापेक्षा भरपूर ठेवा. दाब ३०० मिमी असेल तर सील ५०० च्या खाली नको, आणि सीलमधलं पाणी आटलं नाही ना हे दर शिफ्टला बघायचं. पाइप कुठे झोळलाय ते लेव्हल लावून बघा, हलणं तिथूनच येतंय.

मॅग मीटरचं: होय, गॅसच. तो वेग मोजतो आणि पाइप पूर्ण द्रवाने भरलाय असं धरून गुणाकार करतो. दहा टक्के जागा बुडबुड्यांनी घेतली, तर द्रव अकरा टक्के जास्त दिसतो. डायजेस्टरमधून निघालेल्या द्रवात गॅस विरघळलेला असतो, पंपाच्या सक्शनला दाब कमी झाला की तो बाहेर येतो. मीटर सक्शनला असेल तर डिस्चार्जला हलवा, उभ्या पाइपात, प्रवाह वर जाणारा. कंट्रोल व्हॉल्व्ह प्रवाहाच्या दिशेने मीटरच्या पुढे ठेवा, मागे नको. सध्या कुठे बसवलाय?

मीटररूम_कागल

सक्शनलाच, आडव्या पाइपात. डिस्चार्जला उभा तुकडा दीड मीटरचा आहे, फोटो टाकतो.