कासव आधी, पायथन नंतर

सहावीच्या मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवायचं तर थेट पायथन ही भाषा शिकवा, लोगो ही भाषा आता जुनी झाली, असं एका ताईंनी लिहिलंय. ताई, लोगो जुनी आहे हे खरं, १९६७ ची. पण गणितज्ञ सीमोर पॅपर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती मुलांसाठीच घडवली, आणि तो फरक शिकवताना जाणवतो.

मी नागपुरात मानेवाड्याला रविवारी वस्तीतली सात-आठ मुलं घेऊन बसतो. लोगोत पडद्यावरचं कासव आपण सांगू तसं चालतं आणि मागे रेघ काढत जातं. चौकोन लगेच जमतो: फॉरवर्ड १०० (शंभर पावलं पुढे), राइट ९० (९० अंश उजवीकडे), हे चार वेळा. मग समभुज त्रिकोण सांगितला की जवळजवळ सगळे ६० अंश लिहितात, कारण पुस्तकात त्याचा कोन ६० असतो. कासव भलतीकडेच वळतं, आकृती उघडी राहते. मी उत्तर सांगत नाही. गच्चीवर खडूने त्रिकोण काढतो (उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत, नंतर पाय भाजतात) आणि एकाला रेषेवरून चालायला लावतो. कोपऱ्यावर वळताना त्याला स्वतःलाच कळतं की वळायचंय १२०. पूर्ण फेरीत आपण ३६० अंश वळतो, हे एकदा सापडलं की षटकोन मुलं आपणच काढतात. ३६ बाजूंची आकृती काढली की वर्तुळच वाटतं. तेव्हाचे त्यांचे चेहरे बघण्यासारखे असतात.

पायथन नको असं माझं म्हणणं नाही. त्यात टर्टल (म्हणजे कासव) हा तयार भाग, मॉड्यूल, सोबतच येतो, त्यामुळे आठवीत तेच कासव घेऊन तिकडे जाता येतं. सहावीत मात्र कंस, कोलन आणि इंडेंटेशनच्या (ओळीआधी सोडायच्या जागेच्या) चुका शोधण्यातच तास संपतो.