मदत हवी आहे: बाल्कनीतल्या मिरचीवर बोकड्या (पानं आवळण्याचा रोग) आलाय, झाडं वाचतील का?

नमस्कार मंडळी, जरा घाईतच विचारतेय कारण रोज सकाळी बघावं तर अजून एक शेंडा आवळलेला असतो. पुण्यात कोथरूडला चौथ्या मजल्यावर पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी २ नंतर कडक ऊन येतं. १२ बाय १२ इंची ग्रो बॅग, त्यात लाल माती, गांडूळखत आणि कोकोपीट साधारण सारख्या भागात, शिवाय मूठभर निंबोळी पेंड. कोथिंबीर, गवती चहा मजेत आहेत, पुदिना तर आवरत नाही, टोमॅटोनेही फळ धरलंय. अडलंय ते फक्त मिरचीचं.

मिरची संकेश्वरी आहे, आत्याने गडहिंग्लजहून वाळलेल्या मिरच्या दिल्या होत्या त्यातलंच बी. घरी सगळे म्हणतायत की उपट आणि नर्सरीतून दुसरं रोप आण, पण मला हीच जगवायचीये, आत्याचं शेत आता कुणी करत नाही, हे बी परत कुठून आणू?

काय दिसतंय ते सांगते. दोन झाडांची कोवळी पानं कडेने वर वळून होडीसारखी झालीत. पांढरा कागद खाली धरून शेंडा टिचकीने झटकला तर त्यावर पिवळसर, बारीक, लांबट काहीतरी पडलं आणि चालायला लागलं, सुईच्या टोकाएवढंच असेल. तिसऱ्या झाडाचं वेगळंच आहे, पानं खाली वळलीत, कडक झालीत आणि देठ लांबलेत. चौथं अजून ठणठणीत आहे, कळ्याही आल्यात.

आंबट ताक पाण्यात घालून फवारलं, फार फरक नाही. हा व्हायरस आहे का? एकाच औषधाने सगळं जाईल का? आणि ही माती पुढे वापरू का नको? प्लीज सांगा.

प्रतिसाद:
ताई, आमच्या घरी जुन्नरकडे मिरची असते म्हणून सांगतो. पानं वर वळली तर फुलकिडे, म्हणजे थ्रिप्स, कागदावर चालले ते तेच. खाली वळून देठ लांबले तर कोळी, म्हणजे माइट ही अगदी बारीक कीड, ती नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. व्हायरस पांढरी माशी आणते, त्यात पानं बारीक होऊन पिवळी पडतात, झाड खुजं राहतं आणि त्यावर औषध नाही, उपटावंच लागतं. तुमचं वर्णन वाचून तसं वाटत नाहीये, तेव्हा इतक्यात उपटू नका.

आधी फार आवळलेले शेंडे खुडून पिशवीत बांधून टाका, कुंडीत नको. मग १ लिटर पाण्याला ५ मिली नीम तेल आणि लिक्विड सोपचे चार थेंब, नीट हलवून, ऊन उतरल्यावर, पानाच्या खालून फवारा. आठवड्याने परत. निळे चिकट सापळे लावा, थ्रिप्स निळ्यावर जास्त येतात, पिवळ्यावर पांढरी माशी. कोळ्याच्या झाडाला पाण्यात विरघळणारं गंधक लिटरला २ ग्रॅम चालतं पण त्या झाडाला नीम तेल मारलं असेल तर मध्ये दोन आठवडे जाऊ द्या नाहीतर पानं करपतात, भर उन्हाळ्यात तर गंधक नकोच. आणि सध्या नत्राचं खत बंद, कोवळी लुसलुशीत फूट आली की किडीला मेजवानीच.

धागाकर्ती:
खूप खूप आभार दादा! कोळ्याचं झाड आजच बाकीच्यांपासून लांब ठेवते आणि त्याला नीम तेल न मारता गंधकच देते, ऊन जरा कमी झालं की. मातीचं राहिलं तेवढं सांगा ना. आणि चौथ्या झाडाचं बी धरायचंय, शेजारच्या बाल्कनीत सिमला मिरची आहे, भेसळ होईल का?

प्रतिसाद:
माती फेकू नका. व्हायरस मातीतून पसरत नाही, पण थ्रिप्सचे कोष मातीत असतात, म्हणून झाड काढल्यावर माती ओलसर करून पारदर्शक प्लास्टिकखाली महिनाभर कडक उन्हात तापवा, मग नवीन गांडूळखत घालून वापरा. बियाचं म्हणाल तर मधमाशी आली तर भेसळ होऊ शकते. कळ्या उमलायच्या आधीच फांदीला मलमलची पिशवी बांधा, फुलं आली की रोज हलकेच हलवा, मिरचीचं फूल स्वतःच्याच परागाने धरतं. फळ धरलं की पिशवी काढून त्या देठाला दोरा बांधून ठेवा म्हणजे चुकून तोडलं जाणार नाही, आणि झाडावरच पूर्ण लाल होऊ द्या.