मदत हवी आहे: मोडी लिपी वाचणारे आणि वंशावळ सांगणारे हेळवी

नमस्कार मंडळी. आम्ही बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातले. आजेसासूबाईंच्या ट्रंकेत मोडीतले कागद आणि एक चोपडी सापडली आहे. बरीच पानं शेतसाऱ्याची दिसतात. मधल्या एका पानावर मात्र बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत, धणे, खोबरं, सुक्या मिरच्या अशी शेर-पावशेरात यादी आहे, कडेला तेलाचा डाग. हा आपला घरचा मसालाच, असं सासूबाई ठामपणे म्हणतात. पुढची कृती मोडीत आहे.

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात मोडी नीट वाचणारं कुणी आहे का? रीतसर पैसे देऊ. १९५६ पर्यंत आपला भाग मुंबई राज्यात होता, त्यामुळं जमिनीचे जुने उतारे मराठीत मिळतात. पण मला पणजोबांच्याही मागची नावं हवीत. त्यासाठी हेळवी गाठायचे आहेत. पूर्वी ते बैल घेऊन यायचे, घराण्याच्या पिढ्या म्हणून दाखवायचे, नवे जन्म नोंदवायचे आणि जोंधळे घेऊन जायचे. हल्ली आमच्या गावात कुणी येत नाही. तुमच्याकडं येत असतील तर कुठल्या महिन्यात, ते कळवा. बायकांची नावंही सांगतात का? आजेसासूबाईंचं माहेर मला फार मनापासून शोधायचं आहे.

आणखी एक. कागदांना कसर लागली आहे. सगळे डांबरगोळ्या टाका म्हणतात, पण त्या मांजराला विषारी असतात आणि आमची मनी त्याच ट्रंकेवर झोपते. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरतो का? कुणी वापरला असेल तर जरूर सांगा.